पन्नास मीटरवर धाकटी

सोमवार, २ फेब्रुवारी

कारखान्यातून दरवर्षी एक डायरी मिळते. आजवरच्या सगळ्या मी डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारल्या. यंदाची लिहायला काढली, कारण बोलायला माणूस उरलेलं नाही. यांना सांगावं तर हे हसतात. भावोजी ट्रक घेऊन गेले की महिना महिना तोंड दाखवत नाहीत. उरली त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. आता जिच्याबद्दल बोलायचंय तिच्यापुढेच कसं बोलायचं?

तर मुद्दा असा. आमच्या कारखान्यात स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफली बनतात. बाहेर पडणारी प्रत्येक रायफल आधी माझ्या हाताखालून जाते. दहा मीटरवर कार्ड लावायचं, पाच छर्रे मारायचे आणि ठीक असेल तर कार्डाच्या कोपऱ्यात सही करून ते रायफलीबरोबर खोक्यात घालायचं. ती सही माझी. माझे केस काळे होते तेव्हापासून माझीच. कुठल्या कुठल्या गावी लोक खोकं उघडत असतील आणि त्यांना आधी माझं नाव दिसत असेल. मला बाई त्याचा फार अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

आज साहेबांनी नवं मॉडेल टेबलावर ठेवलं. वर चक्क दुर्बीण. म्हणाले, "बाई, आता दहा मीटरवर भागायचं नाही. पन्नासवर तपासायचं. गोदामामागची शेड मोकळी करून दिलीय." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "एकटीला जड जाईल. पॅकिंगमधली तुमची जाऊ देतो बरोबर. चुणचुणीत आहे."

चुणचुणीत! तिला पॅकिंगमध्ये चिकटवली कोणी? मीच. याच साहेबांच्या मागे लागून लागून.

बुधवार, ४ फेब्रुवारी

पंचवीस मीटरवर माझे पाचही छर्रे बाटलीच्या बुचाएवढ्या जागेत. म्हटलं, यात काय एवढं? मग पन्नासवर कार्ड लावलं आणि छर्रे कार्डभर उधळले. एक तर कार्ड सोडून मागच्या फळीत.

धाकटी शेजारी उभी होती. तोंडातून शब्द नाही. हीच तर तिची खोड. माणसानं काहीतरी बोलावं, म्हणजे भांडता तरी येतं.

स्प्रिंगच्या रायफलीचा स्वभाव वेगळा असतो. चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटते, रायफल आधी मागे दचकते, मग पुढे. छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच हा सगळा दंगा होतो. म्हणून तिला आवळून धरायचं नाही. डावा तळवा उघडा ठेवायचा, त्यावर ती नुसती टेकवायची, खांद्यालाही जेमतेम लावायची आणि तिला दचकायचं तसं दचकू द्यायचं. दर वेळी अगदी तस्संच. जी मुठीत आवळते तिचे छर्रे गावभर फिरतात. हे सगळं धाकटीला मीच शिकवलं, घरी, छत्री हातात देऊन. चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, म्हटलं. आता कुणाला सांगू!

"मी एकदा बघू का, वहिनी?" ती म्हणाली.

बसली. तळवा उघडा, श्वास अर्धा सोडलेला, सगळं माझंच. पाच छर्रे मारले. कार्ड आणलं तर चहाचा कप पालथा घातला असता तर पाचही त्याखाली झाकले गेले असते.

साहेब म्हणाले, "वा!" मला कधी वा म्हणाल्याचं आठवत नाही. माझं काम नेहमीच चोख असतं, त्यामुळे बहुतेक लक्षात येत नसेल.

दुर्बीणच भिकार आहे ती. आत सगळं धुकट दिसतं. साध्या दुर्बिणी स्प्रिंगच्या दणक्यानं आतून खिळखिळ्या होतात हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वाट्याला तसलीच आलेली दिसते.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

जेवताना यांनी विचारलं, "काय म्हणतेय नवी रायफल?" मी तोंड उघडणार तोच धाकटी म्हणाली, "वहिनींनी शिकवलं म्हणून जमलं हो मला."

बघा. एका वाक्यात स्वतःचं कौतुकही सांगून झालं आणि वर चांगुलपणाही मिळवला. हे खूश! "वा वा, घरात दोन दोन नेमबाज! आता भांडी जपून घासायला हवीत मला." आणि दोघं हसत सुटले. माझ्या बोलण्यावर हे असे शेवटचे कधी हसले होते, आठवून सांगा म्हणावं.

नंतर मी तांदूळ निवडून ताट ओट्यावर ठेवलं. हिनं ते गुपचूप खिडकीपाशी नेलं आणि पुन्हा निवडलं. मी पाहिलं. माझ्या कामाला नावं ठेवायची तर तोंडानं ठेव ना बाई. त्यात यांनी आणलेला नवा दिवा असला टुकार की त्याच्याभोवती रंगीत कडी दिसतात. यांना म्हटलं तर म्हणे, "मला नाही दिसत." यांना कधी काय दिसलंय म्हणा.

रविवार, ८ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. जळते मी तिच्यावर.

ती काही माझं वाईट करत नाही, तेच तर दुखणं आहे. ती दारात आली की लोकांचे चेहरे उजळतात. साहेब तिच्याशी बोलताना उठून उभे राहतात. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, एक डाग नाही. बाईला कशाची चिंता म्हणून नसावी. आज बाजारात रस्ता ओलांडताना तिनं माझं कोपर धरलं. मी झटकलं. म्हटलं, "म्हातारी झाले का मी?" तर म्हणे, "नाही हो, गाडी येत होती." मला तर गाडीबिडी काही दिसली नाही. नंतर एक बस भुर्रकन अंगावरून गेल्यासारखी गेली, तेवढीच.

दहा मीटरवर मी राणी होते. माझी सही म्हणजे सही. आता पन्नास मीटरचं नवं स्टूल आलंय आणि त्यावर ती बसली तर मी कोण? दहा मीटरवाल्या साध्या रायफली साहेब हळूहळू बंदच करणार आहेत, हे आता सगळ्यांना कळलंय.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सापडलं!

आम्हा दोघींना एकेक रायफल नेमून दिलीय. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला एक फिरतं कडं असतं. ज्यानं त्यानं ते आपल्या नजरेप्रमाणे लावून घ्यायचं, म्हणजे आतली नेमाची फुली आणि समोरचा ठिपका स्वच्छ दिसतो. सोमवारी मी माझं मनासारखं लावून ठेवलं होतं. आज बघते तर सगळं धूसर. म्हणजे कुणीतरी फिरवलं. आणि शेडमध्ये आम्हा दोघींशिवाय कुत्रंही फिरकत नाही.

"माझ्या दुर्बिणीला हात लावलास?"

"नाही हो वहिनी. मी कशाला लावू?" डोळे एवढाले केले. नाटकात घ्यायला हवी हिला.

मी काही दुधखुळी नाही. घरून नेलपॉलिश घेऊन गेले आणि कड्यावर आणि दुर्बिणीच्या नळीवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवली. आता फिरवू दे, रेघ तुटलेली दिसेल.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

रेघ जिथल्या तिथे. बोटानं चाचपून पाहिली, जराही हललेली नाही. आणि तरीही दुर्बिणीत धूसरच!

म्हणजे हिनं कडं फिरवलं, आणि रेघ बघून परत केसभरही न चुकता जागेवर आणलं. पण मग नजर धूसर कशी राहिली, हे काही कळत नाही. काहीतरी केलंय हे नक्की. केवढी पाताळयंत्री बाई! आणि संध्याकाळी मला सुईत दोरा ओवून देते, मी मागितलाही नसताना.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

शुक्रवारी खरेदीवाले येणार आहेत. दोघंही टाय लावून फिरतात, म्हणून कारखान्यात त्यांचं नावच टायवाले पडलंय. त्यांना या दुर्बिणीच्या रायफली ढीगभर हव्यात. साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं, "त्यांच्यासमोर दोघी मारा. जिचं कार्ड चांगलं येईल ती पन्नासला बसेल, सही तिची जाईल. दुसरी पॅकिंगला."

दुसरी पॅकिंगला. माझ्याकडे बघून नाही म्हणाले, पण खोलीत तिसरं कोण होतं?

मी काय नाही केलं म्हणून सांगू. नळी साफ केली. दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या दणक्यांनी मागे सरकतात, त्यांचे स्क्रू पिळून पिळून आवळले. छर्रे एकेक चाळून घेतले. तरी उधळतातच. धाकटी म्हणाली, "वहिनी, तुमचे चपट्या डोक्याचे छर्रे जवळ चांगले. लांब गेले की भरकटतात. गोल डोक्याचे घेऊन बघा, मी तेच घेते."

मी म्हटलं, "मला छर्रे शिकवू नकोस." चपटा छर्रा कार्डात सुबक गोल भोक पाडतो, यंत्रानं कापल्यासारखं. गोल डोक्याचा कागद नुसता फाडतो. आयुष्यभर मी चपटेच मारले. हिच्या सांगण्यावरून बदलायचे, आणि चांगले गेले तर श्रेय कुणाला?

मग ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही हल्ली आवळून धरता."

मी! आवळून! बोलायचं सोडून दिलं मी तिच्याशी.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

जिंकले! जिंकले! जिंकले!

नीट लिहिते. शेडच्या त्या टोकाला दोन कार्डं शेजारी शेजारी. एक नंबर माझं, दोन नंबर तिचं. टायवाले आणि साहेब मागे चहा घेत उभे होते. कार्डं जवळ आणल्यावरच बघायची, अशी पद्धत आहे, मध्ये कोणी डोकवायचं नाही. आधी मी. दुर्बिणीत नेहमीचं धुकं. तरी पांढऱ्यातला काळा ठिपका शोधला, दात ओठ खाऊन धरला आणि पाच मारले. मनात म्हटलं, आता जे व्हायचं ते होवो.

मग धाकटी बसली. आणि काय तिची फजिती! किती वेळ नुसतीच दुर्बिणीतून बघत बसली. वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पार उतरलेला. पुन्हा दुर्बिणीत बघितलं. साहेब म्हणाले, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही." शेवटी रायफल डावीकडे वळवून वाकडीतिकडी बसली, सरळ बसणंही जमेना बाईला, आणि मारले पाच.

कार्डं आली. साहेबांनी एक नंबर उचललं आणि उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "बाई, कमाल केलीत!" पाचही छर्रे बुचापेक्षा थोड्याशाच मोठ्या जागेत. टायवाल्यानं माझ्याशी हात मिळवला. दोन नंबरचं कार्ड म्हणजे चाळण. साहेब तिला हळूच म्हणाले, "असू दे, होतं असं." ती मान खाली घालून उभी.

मला वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं. घरी येऊन मी गाणं म्हणत चहा केला. तिनं माझं अभिनंदन केलं आणि मीही मोठ्या मनानं म्हटलं, "तूही शिकशील हळूहळू."

मंगळवार, २४ फेब्रुवारी

साहेबांनी ते एक नंबरचं कार्ड माझ्या स्टुलाच्या वर टाचणीनं लावलंय. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतात. आज शेडमध्ये कोणी नव्हतं म्हणून मी त्यावरून लाडानं बोट फिरवलं.

बोटाला कागदाचे फाटके काठ लागले.

पुन्हा फिरवलं. पाचही भोकं फाटलेली, कडा उलटलेल्या. माझ्या छर्ऱ्यानं अशी भोकं पडतच नाहीत. माझं भोक गुळगुळीत असतं, डोळे मिटून ओळखीन मी. मग कचऱ्याच्या खोक्यात हात घातला, दोन नंबरचं कार्ड शोधून काढलं. त्यातली भोकं सुबक, गोल, कापल्यासारखी. पाच, कार्डभर विखुरलेली.

मी तिच्या कार्डावर मारत होते. शेजारच्या! नवशिके करतात ही चूक, पहिल्या आठवड्यात, आणि आम्ही सगळे पोट धरधरून हसतो त्यांना. आणि तिनं ते दुर्बिणीतून बघितलं, आणि रायफल वळवली, आणि माझ्या कार्डावर मारलं.

आज जेवण गेलं नाही. हे विचारत होते काय झालं म्हणून. डोकं दुखतंय म्हटलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

तिला गाठली, घरी, कपडे वाळत घालताना.

"माझ्या कार्डावर तू मारलंस."

तिनं चिमटा तोंडातून काढला. "मग काय करणार होते, वहिनी? हाक मारली असती तर त्या टायवाल्यांपुढे, साहेबांपुढे, सगळ्यांपुढे..."

"तुझं स्टूल गेलं."

"स्टूल तुमचंच आहे. मला कोणी आणलं तिथे?"

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच. एवढं चांगलं असायची काय गरज असते माणसाला? निदान रागवायची सोय तरी ठेवायची होती माझ्यासाठी. तीही ठेवली नाही.

मग म्हणाली, "वहिनी, डोळे दाखवा ना. तांदळातले खडे दिसत नाहीत तुम्हाला. त्या दिवशी बस दिसली नाही. मी डॉक्टरांची चौकशी करून ठेवलीय, शुक्रवारी सकाळची वेळ मिळतेय. तुम्हाला राग येईल म्हणून बोलले नाही."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," मी म्हटलं आणि बादली उचलायला गेले. बादली होती त्याच्या वीतभर अलीकडे हात घातला मी. ती काही बोलली नाही. नेहमीसारखीच.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात चांगलाच पिकलेला. उजवा म्हणजे नेमाचा डोळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके दिवस कशा काय काम करत होतात?" मी काय सांगणार, शेजारी बसलेलीला विचारा?

म्हणजे दुर्बीण भिकार नव्हती. दिवाही टुकार नव्हता. ती नेलपॉलिशची रेघ आठवली आणि कानापर्यंत तापले मी. नशीब, ती गोष्ट या डायरीशिवाय कुणाला माहीत नाही.

तिथून थेट साहेबांकडे गेले. धाकटी म्हणत होती, "त्यांना कशाला सांगता? डोळा नीट करून या, कोणाला कळणारही नाही." पण माझी सही ज्या कार्डावर असते ते कार्ड मी मारलेलं असतं. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती, तीही खोटी करून कशी चालेल? सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "रायफल तर खोटं बोलली नाही ना? गेले ते छर्रे आपल्याच रायफलीतून गेले. ऑर्डर जाईल. पण बसणार कोण?"

"धाकटी बसेल," मी म्हटलं. "मी येईपर्यंत." शेवटचे दोन शब्द जरा मोठ्यानं म्हटले.

बुधवार, ११ मार्च

पट्टी निघाली. उजव्या डोळ्यानं लिहितेय.

काय काय दिसतं! दूध पांढरं असतं हे मी विसरलेच होते. ओट्यामागे एवढा काळा थर आहे आणि मी मिजाशीत म्हणायची, माझं स्वयंपाकघर आरशासारखं. दिव्याभोवतीची कडी गेली. हे बरेच म्हातारे झालेत, पण ते बोलून दाखवलं नाही.

आणि धाकटीचा चेहरा. ती औषधाचे थेंब घालायला वाकली तेव्हा एवढ्या जवळून पाहिला. डोळ्यांखाली काळं, कपाळावर आठ्या, कानशिलापाशी केस पांढरे. हिला कधी झालं हे सगळं? भावोजी महिना महिना रस्त्यावर, दिवसभर कारखाना, वर माझे टोमणे. आणि मी हिच्या नितळ चेहऱ्यावर जळत होते. तो नितळपणा माझ्या मोतीबिंदूचा होता.

वाईट वाटलं. पण लगेच असंही वाटलं की पन्नासला आता बघून घेते हिला. डोळे आले ना परत.

शनिवार, ४ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. साहेबांनी सुट्टी असून शेड उघडली. म्हणाले, "एकच स्टूल आहे. मारा दोघी, आणि मग तुम्हीच सांगा, बाई. तुमचा शब्द शेवटचा."

आज कसलीच सबब ठेवली नाही मी. दोघींना एकच रायफल. छर्रे तिचे, गोल डोक्याचे. वाऱ्याचा पत्ता नाही. दुर्बिणीत ठिपका असा लख्ख की त्याच्याभोवतीचा कागदाचा पोतही दिसावा. तळवा उघडा ठेवला, अजिबात आवळलं नाही, जसं तिला छत्रीवर शिकवलं होतं तसं. माझे पाच चहाच्या कपाखाली झाकले गेले. पन्नास मीटरवर! मी अशी तरंगत उठले.

मग ती बसली. तिच्या पाचांना कप लागलाच नाही, बुचाएवढ्या जागेत बसले.

म्हटलं, योगायोग. पुन्हा मारू. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी श्वासही जपून घेतला, आजवर मारलं नसेल असं मारलं. तिचं कार्ड तरीही माझ्यापेक्षा दाट. डोळे चांगले झाल्यामुळे तेही मला स्वच्छ दिसलं. मोतीबिंदू नव्हता, दुर्बीण नव्हती, छर्रे नव्हते. ती चांगली मारते, माझ्यापेक्षा चांगली मारते, एवढंच होतं ते.

साहेब माझ्याकडे बघत होते. एक शब्द टाकायचा अवकाश, स्टूल माझं. त्यांची तयारी दिसत होती तशी, जुनं माणूस म्हणून.  पण सहीचा प्रश्न होता.

"पन्नासला धाकटी," मी म्हटलं. "सही तिची. मला दहाचं जे काही उरलंय ते द्या, ते संपलं की पॅकिंग."

घरी येताना वाटेत ती थांबली. बघते तर डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"वहिनी, मुद्दाम कमी मारलंत ना? त्या दिवशीचं फेडलंत ना?"

नुसती मान हलवायची होती. हुं म्हटलं असतं तरी जन्मभर माझ्या उपकारात राहिली असती. माझीही इभ्रत राहिली असती, हरले नाही, दिलं म्हणून. फार फार वाटलं हो म्हणावं. पण तोंडातून निघालं, "नाही गं बाई. जीव तोडून मारलं मी. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

हे एक वाक्य बोलताना माझं काय झालं ते माझं मला ठाऊक.

आणि तिला ते पटलंच नाही! आणखीच रडायला लागली. "तुमच्याएवढं मोठं मन कुणाचं नसतं हो, वहिनी."

घरी आल्या आल्या यांना सांगितलं तिनं. हे माझ्याकडे असे बघत बसले की लग्न झाल्यावरही असं बघितलं नव्हतं. भावोजींना फोन करून सांगितलं. ते तिकडून म्हणाले, "वहिनी म्हणजे देवमाणूस." सोमवारी साहेबांनाही सांगणार आहे म्हणे. मी परोपरीनं सांगितलं की अगं, मी खरोखर हरले. तर सगळे माझ्याकडे बघून कौतुकानं हसतात. आणि आत मी जळून कोळसा झालेय, ते कुणाला दिसत नाही.

उद्या पुन्हा तिला शेडमध्ये न्यायचं ठरवलंय. तिच्या शेजारी बसून पुन्हा मारीन, म्हणजे तिला पटेल. पण विचार केला, हरले तर म्हणेल, परत मुद्दाम. आणि जिंकले तर म्हणेल, बघा, काल मुद्दामच हरला होतात. एकूण काय, हे मोठं मन जे माझ्या गळ्यात पडलंय ते आता मेल्याशिवाय सुटत नाही.

शेडची किल्ली मागून घेतलीय तरीही. उद्या सकाळी जाते.